लांब लाकडी वल्हं: निवड आणि निगा

मे महिन्याचा लाँग वीकेंड जवळ आला की ऑन्टॅरिओतल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक प्रश्न हमखास येतो: कनू विकत घ्यावी का? माझं उत्तर ठरलेलं आहे. होडी भाड्याने घ्या, वल्हं मात्र स्वतःचं घ्या.

होडी घेतली की ती ठेवायला गॅरेजची एक भिंत लागते, वाहून न्यायला गाडीवर रॅक लागतो, आणि एवढं करून ती वर्षातले अकरा महिने पालथी पडून राहते. अल्गॉन्क्विन पार्कच्या परिसरात उत्तम हलकी केव्हलारची होडी भाड्याने मिळते. मिळत नाही ते चांगलं वल्हं. भाड्याच्या होडीबरोबर हातात ठेवतात ते बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्याचं आणि प्लास्टिकच्या पात्याचं असतं. ते मोडत नाही आणि कुणी चोरूनही नेत नाही, त्यामुळे दुकानदाराची सोय होते. वल्हवणाऱ्याच्या खांद्याचा विचार त्यात नसतो. दिवसभरात होडीला तुम्ही टेकता तेवढेच. वल्हं मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत हातात असतं.

कोकणच्या खाडीकाठी वाढलेल्यांना इथे एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. आपल्याकडच्या होडीत लांब वल्हं काठावरच्या खुंटीला दोरीने अडकवलेलं असतं, त्याचं बरंचसं वजन होडीच पेलते. कनूत वल्ह्याला होडीचा कसलाच आधार नाही. तोंड पुढे, एक हात मुठीवर, दुसरा दांड्यावर, आणि प्रत्येक फटक्यानंतर ते पूर्ण वजन आपणच उचलून पुढे न्यायचं. रमतगमत चाललेला माणूसही मिनिटाला 30 फटके सहज मारतो. म्हणजे तासाला 1,800, पाच तासांत 9,000. तुमचं वल्हं गरजेपेक्षा फक्त 150 ग्रॅम जड असेल तर दिवसाअखेरी तुम्ही साडेतेरा क्विंटल फुकट उचललेलं असतं. चेरीच्या लाकडाचं चांगलं लांब वल्हं 22 ते 26 औंसांत, म्हणजे साधारण सव्वासहाशे ते साडेसातशे ग्रॅममध्ये बसतं. त्याच्या फार वर जाणारं वल्हं दुकानात कितीही देखणं वाटलं तरी परत जागेवर ठेवा.

आता लांबीकडे वळू, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. दुकानातला विक्रेता तुम्हाला उभं करतो, वल्हं शेजारी धरतो आणि हनुवटीपर्यंत आलं की 'हेच तुमचं' म्हणतो. ही पद्धत दोन कारणांनी चुकीची आहे. एक, कनूत आपण बसलेले किंवा गुडघ्यांवर टेकलेले असतो, तिथे पायांच्या उंचीचा काही संबंध उरत नाही. सारख्याच उंचीच्या दोन माणसांची बैठी उंची वेगळी असू शकते. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं: पातं पूर्ण पाण्यात असतं, त्यामुळे तुमच्या शरीराशी जुळायला हवा तो दांडा. एका वल्ह्याचं पातं 20 इंचांचं, दुसऱ्याचं 27 इंचांचं असताना एकूण लांबी बघून काय कळणार?

घरी मापायचं तर सपाट लाकडी खुर्चीवर ताठ बसा आणि खुर्चीच्या पृष्ठभागापासून हनुवटीपर्यंत आणि नाकापर्यंत अशी दोन मापं घ्या. कनूतली बैठक पाण्याच्या पातळीपेक्षा साधारण 6 इंच उंच असते, तेवढे दोन्हींत मिळवा. मुठीच्या माथ्यापासून पातं सुरू होतं त्या गळ्यापर्यंतची लांबी या दोन आकड्यांच्या दरम्यान हवी. सव्वापाच-साडेपाच फूट उंचीच्या माणसाला दांडा बहुधा 32 ते 34 इंचांचा लागतो. त्याला रुंद, आखूड पात्याचं वल्हं घ्यायचं असेल तर एकूण लांबी 52 ते 54 इंच होईल. लांब पात्याचं घ्यायचं असेल तर 59 ते 61. माणूस तोच, दांडा तोच, पण एकूण लांबीत 7 इंचांचा फरक. लांब वल्हं म्हणजे उंच माणसाचं वल्हं हा समज इथेच सोडून द्यावा.

दुकानात टेप नसेल तर गुडघ्यांवर बसा, बैठक जमिनीपासून वीतभर वर ठेवा आणि वल्हं उलटं धरा: मूठ जमिनीवर, पातं आकाशाकडे. गळा हनुवटी आणि नाक यांच्या मध्ये आला की माप बरोबर. लोक बघतील, बघू द्या. मागे बसून होडीची दिशा सांभाळणाऱ्याने नाकाकडचं माप धरावं. पुढे बसणाऱ्याला आणि सतत गुडघ्यांवर टेकून वल्हवणाऱ्याला हनुवटीकडचं पुरतं. दांडा फार लांब झाला तर वरचा हात कपाळाच्याही वर जातो आणि दुपारपर्यंत खांदा बोलायला लागतो. आखूड झाला तर प्रत्येक फटक्याला कंबरेतून वाकावं लागतं. मुलांना मोठ्यांचं वल्हं कापून देऊ नका. लांबी जमते, पण मूठ आणि दांडा त्यांच्या पंज्यात मावत नाही.

पात्याचे आकार अनेक आहेत, पण लांब वल्ह्यांच्या घराण्यात तीन नावं सारखी कानावर पडतात. ऑटरटेल म्हणजे पाणमांजराच्या शेपटीसारखं लांब, निमुळतं पातं. त्याची जास्त रुंदी गळ्याकडच्या भागात असते आणि टोकाकडे ते अरुंद होत जातं. बीव्हरटेल थोडं आखूड आणि खालच्या बाजूला भरलेलं. तिसरं व्हॉयाजर नावाने विकलं जाणारं, अरुंद आणि जवळपास समांतर कडांचं. हे नाव आलं ते फरच्या व्यापारातल्या फ्रेंच कॅनडियन वल्हेकऱ्यांवरून. माँट्रिअलहून लेक सुपीरिअरपर्यंत माल नेणाऱ्या त्यांच्या भूर्जसालीच्या होड्या 36 फुटांपर्यंत लांब असत. मधल्या ओळींतले लोक अरुंद, आखूड वल्ही वापरत, कारण त्यांना मिनिटाला चाळीसहून जास्त फटके तासन् तास मारायचे असत. पुढचा वाटाड्या आणि मागचा सुकाणूवाला मात्र चांगली लांबलचक वल्ही घेऊन उभे राहत. मुळात हे सगळे आकार इथल्या आदिवासी समाजांचे. एडविन टॅपन अ‍ॅडनी या अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून न्यू ब्रन्सविकच्या भागात त्यांच्या होड्यांची आणि वल्ह्यांची रेखाटनं, मोजमापं आणि छोट्या प्रतिकृती करून ठेवल्या. त्याच्या टिपणांवरून हॉवर्ड शॅपेलने पूर्ण केलेला ग्रंथ स्मिथसोनियनने 1964 मध्ये छापला, आणि आजही पारंपरिक वल्हं घडवणारे तो उघडून बसतात.

लांब अरुंद पात्याचा फायदा पाण्यात शिरताना आणि पाण्यातच फिरताना कळतो. रुंद पातं पाण्याला एकदम धरतं, झटका मनगटाला आणि कोपराला बसतो. लांब पातं हळूहळू पकड घेतं, आवाज करत नाही, आणि फटका संपल्यावर ते वर न काढता कडेने चिरत पुढे आणता येतं. पहाटे मूस पाण्यात उभा असेल तर या गुणाचं मोल कळतं. पण त्यासाठी खाली पाणी हवं. अल्गॉन्क्विन, टेमागामी, किलार्नी इथली ग्रॅनाइटच्या कुशीतली खोल तळी ऑटरटेलसाठीच जणू केलेली आहेत. किचनर-केंब्रिजजवळ ऑगस्टमध्ये ग्रँड रिव्हरवर जायचं असेल तर मात्र ते घरीच राहू द्या. त्या दिवसांत तिथे पाणी जागोजागी गुडघ्याएवढं असतं, लांब पातं दर चार फटक्यांमागे गोट्यांवर आपटेल. तिथे आखूड, रुंद, टोकाला राळेची जाड कड असलेलं वल्हंच बरं. एकच वल्हं घेऊन दोन्हीकडे जायचं असेल तर बीव्हरटेल घ्या. ते कुठेच सर्वोत्तम नाही, पण कुठे अडतही नाही.

लाकूड. इथे मतं फार असतात, तरी आकडे सरळ आहेत. हार्ड मेपलची घनता घनमीटरला सुमारे 700 किलो, व्हाइट अ‍ॅशची 675, ब्लॅक चेरीची 560, सिटका स्प्रूसची 425. मेपल कणखर, त्यामुळे पात्याच्या कडा पातळ काढता येतात, पण वजन हातात जाणवतं. अ‍ॅश लवचिक, मार खाणारं, तेल छान पिणारं. स्प्रूस अगदी हलकं, मात्र इतकं मऊ की खडकाचा एक घाव कायमचा दिसतो. चेरी या सगळ्यांच्या मध्ये बसते, आणि उन्हात तिचा रंग दर वर्षी गडद होत जातो. पहिलं लांब वल्हं घेणाऱ्याला मी चेरीच सुचवते. अ‍ॅश आवडत असेल आणि समोर चांगलं आलं तर मात्र सोडू नका. एमराल्ड अ‍ॅश बोरर नावाचा हिरवा चमकदार किडा 2002 मध्ये डेट्रॉइट आणि विंझर परिसरात सापडला आणि तेव्हापासून त्याने उत्तर अमेरिकेतली अ‍ॅशची कोट्यवधी झाडं मारली आहेत. घरून जळाऊ लाकूड घेऊन कॅम्पिंगला जाऊ नका असं पार्कवाले बजावतात त्यामागे हेही एक कारण आहे.

लाकडाच्या जातीपेक्षाही तुमच्या हातातला तुकडा कसा आहे हे जास्त महत्त्वाचं. वल्हं उजेडात धरा आणि दांड्यावरच्या रेषा बघा. त्या मुठीपासून गळ्यापर्यंत दांड्याबरोबर सरळ जायला हव्यात. एखादी रेषा तिरकी होऊन वीत-दीड वीत अंतरातच दांड्याच्या बाजूने बाहेर पडत असेल, तर जोर लागेल तेव्हा वल्हं नेमकं त्याच तिरक्या वाटेने फाटणार. दांड्यात गाठ असेल तर पुढे बघूच नका. पात्याच्या मधोमध टाचणीएवढी गाठ चालून जाते. मग पात्याचं टोक डोळ्याजवळ आणून बंदुकीचा नेम धरावा तसं दांड्याच्या रोखाने बघा. पातं पिळलेलं असेल तर इथे लगेच दिसतं. असं पातं पाण्यात स्वतःच्या मर्जीने वळतं आणि मनगटाला दिवसभर त्याच्याशी भांडावं लागतं. लाकडाच्या पट्ट्या चिकटवून केलेलं वल्हं असेल तर प्रत्येक जोडावरून नख फिरवा. नख अडकलं तर तो जोड उकलायला सुरुवात झाली आहे.

थोडी लवचिकता हवीच. टोक बुटाच्या पुढच्या भागावर टेकवा, मूठ एका हाताने धरा आणि दुसऱ्या तळव्याने दांड्याच्या मधे हलकं दाबा. वल्हं जरासं झुकून लगेच सरळ झालं पाहिजे. अजिबात न हलणारं वल्हं दुपारनंतर सांधे दुखवतं. दुकानदाराच्या देखत जोर काढून दाखवायची मात्र गरज नाही. दांडा गोल नको, अंडाकृती हवा. डोळे मिटूनही पातं कुठल्या दिशेला आहे ते बोटांना कळतं. मूठ तळव्यात भरून बसणारी, नासपतीच्या आकाराची असावी. इंग्रजी टी अक्षरासारखी आडवी मूठ खळाळत्या नदीसाठी असते, तळ्यावर तिचं काम नाही. काही लांब वल्ह्यांना नॉर्थवुड्स पद्धतीची उंच, चपट्या बाजूंची मूठ असते. ती दोन-तीन जागी धरता येते आणि लांबच्या पल्ल्यात हात बदलून घ्यायला फार बरी पडते.

हे सगळं वाचून प्रत्यक्ष हात लावून बघावंसं वाटलं तर टोरंटोहून दीड तासावरच्या पीटरबरोला जा. कॅनेडियन कनू म्युझियमची तळ्याकाठची नवी इमारत 2024 मध्ये उघडली आहे. सहाशेहून जास्त कनू आणि कयाक त्यांच्या संग्रहात आहेत, आणि तिथे वल्हं घडवायच्या कार्यशाळाही होतात.

आता वल्हं घरी आलं असं धरू. निगेचं खरं शत्रुत्व एकाच गोष्टीशी आहे, ती म्हणजे लाकडाच्या उघड्या टोकातून शिरणारं पाणी. क्रिकेट खेळलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको: दवात खेळलेल्या बॅटचा तळ फुगतो आणि मग तिथूनच ती उभी फाटत जाते. वल्ह्याच्या टोकाशीही लाकडाच्या नळ्यांची तोंडं तशीच उघडी असतात. म्हणून व्हार्निश कुठे उडालंय हे तपासायला बसाल तेव्हा देखण्या मधल्या भागाकडे नंतर बघा, आधी टोक आणि कडा बघा. टोकाला संरक्षण देण्याच्या पद्धती अनेक: राळेची कड, कच्च्या चामड्याची पट्टी, तांब्याची टोपी. चामडं सुंदर दिसतं, पण त्यावरचं व्हार्निश उडालं की भिजून मऊ पडतं. मला राळेची, म्हणजे इपॉक्सीची, कडच बरी वाटते. टोकापासून अर्ध्या इंचावर मास्किंग टेप लावायचा, कड घासून पूर्ण कोरडी करायची, दोन भागांची इपॉक्सी नीट कालवून दोन पातळ हात द्यायचे. उन्हात इपॉक्सी पिवळी पडून ठिसूळ होते, म्हणून तिच्यावर व्हार्निश हवंच.

व्हार्निश की तेल, हा वाद वल्हेवाल्यांत कधी संपत नाही. माझं मत: पात्याला व्हार्निश, मुठीला तेल, आणि दांड्याला तुम्हाला हवं ते. व्हार्निश पाणी बाहेर ठेवतं. पण मुठीवर तेच व्हार्निश घामाने चिकट होतं आणि तळव्याला फोड आणतं. नव्या वल्ह्याच्या मुठीवर चकचकीत व्हार्निश असेल तर पहिल्या फेरीआधीच ते काढून टाका. आधी 120 नंबरचा पॉलिश पेपर, मग 220, मुठीपासून साधारण हातभर खालपर्यंत. ओल्या फडक्याने एकदा पुसा, वाळू द्या. लाकडाचे बारीक तंतू उभे राहतील, ते पुन्हा 220 ने हलक्या हाताने घासा. आता मूठ हाताला गुळगुळीत लागेल, चकाकणार मात्र नाही.

मग जवसाचं तेल. हार्डवेअरच्या दुकानात 'बॉइल्ड लिनसीड ऑइल' म्हणून डबा मिळतो. त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंची संयुगं घातलेली असतात, म्हणून हातमोजे घाला आणि स्वयंपाकघरापासून लांब ठेवा. फडक्याने पातळ हात द्या, पंधरा-वीस मिनिटं मुरू द्या आणि वर राहिलेलं सगळं तेल पुसून काढा. न पुसता ठेवलेलं तेल आठवडाभर चिकट राहतं. असे तीन-चार हात, प्रत्येकामध्ये एक दिवस सोडून. घरात आहे म्हणून खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल लावू नका. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन लाकडातच घट्ट होतं. खोबरेल आणि शेंगदाणा कधीच वाळत नाहीत, खवट होतात आणि धूळ धरतात.

आणि ती फडकी. हे वाक्य दोनदा वाचा: जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकली तर ती आपोआप पेट घेऊ शकतात. तेल वाळताना उष्णता निघते, आणि बोळ्याच्या आत ती साठत जाते. काडी नको, ठिणगी नको, गॅरेज जळायला तेवढं पुरतं. फडकी बाहेर मोकळ्यावर एकेक पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

पात्यासाठी घराच्या लाकडी जमिनीला लावायचं पॉलियुरेथेन वापरू नका. ते कडक असतं, वल्हं लवलं की तडकतं. बोटींसाठीचं स्पार व्हार्निश घ्या. ते लवचिक असतं आणि अतिनील किरणं अडवणारे घटक त्यात असतात. कोऱ्या लाकडाला पहिला हात थोडा पातळ करून, मग निदान दोन घट्ट, दर दोन हातांमध्ये 220 चा हलका पेपर. वापरातल्या वल्ह्याला वर्षातून एक हात बास.

वापरताना वल्हं बिघडतं ते बहुतेक वेळा काठावर. होडी ढकलायला टोक खडकात रोवणं, पोर्टेजच्या, म्हणजे होडी खांद्यावर वाहून न्यायच्या, वाटेवर त्याची काठी करणं, चहा होईपर्यंत दोन दगडांवर आडवं टाकून त्यावर बसणं. भाड्याच्या होडीबरोबर आलेलं प्लास्टिकचं वल्हं परत करू नका. जास्तीचं म्हणून होडीत असू द्या. दुसरं वल्हं सोबत हवंच, आणि उथळात, दगडांत, किनारा लागताना तेच वापरा. आपलं चांगलं वल्हं तेवढ्या वेळ आत ठेवा.

भाड्याच्या होडीमुळे आणखी एक झीज होते. दिशा सांभाळताना फटक्याच्या शेवटी दांडा होडीच्या काठावर टेकवून दाबायची सवय बहुतेकांना असते, आणि केव्हलारच्या पुष्कळ होड्यांना काठ अ‍ॅल्युमिनियमचा असतो. तो दांडा किसत जातो. गळ्याच्या थोडं वर फिकट, खरबरीत वळं दिसायला लागलं की समजा. तिथे व्हार्निशचे दोन हात जास्त द्या, किंवा चामड्याची पट्टी शिवून घ्या. दांडा काठाला कधी आणि किती टेकवावा हे नीट बघायचं असेल तर बिल मेसनच्या 'पाथ ऑफ द पॅडल' या 1977 च्या फिल्म्स बघा. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाच्या त्या फिल्म्स म्हणजे या विद्येची शाळाच आहे.

रात्री वल्हं किनाऱ्यावर सोडू नका. लाटेने वाहून जाण्याची भीती आहेच, पण त्याहून मोठा चोर साळिंदर. इथल्या साळिंदरांना मिठाची विलक्षण ओढ असते आणि दिवसभर घामेजलेल्या हातांनी धरलेला दांडा त्यांना खारा लागतो. सकाळी उठून बघावं तर मूठ आणि दांडा नेमका पकडीच्या जागी छिन्नीने टवके काढावेत तसा कुरतडलेला. कुऱ्हाडीच्या दांड्यांचंही तेच होतं. वल्ही तंबूच्या बाहेरच्या कापडाखाली, अगदी उशाशी घ्या, आणि आधी तळ्याच्या पाण्याने मूठ-दांडा चोळून धुऊन टाका.

छोट्या दुखण्यांवर घरी उपाय होतो. पात्याला पोचा पडला असेल पण तंतू तुटले नसतील, तर तेवढ्या जागेवरचं व्हार्निश घासून काढा, ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री काही सेकंद टेकवा. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात. एकदा पुरलं नाही तर पुन्हा करा, मग पूर्ण वाळल्यावर व्हार्निश. टोकाला रेषेच्या दिशेने बारीक चीर गेली असेल तर आधी आठवडाभर सावलीत वाळवा, चिरेत पातळ इपॉक्सी उतरू द्या आणि क्लॅम्पने रात्रभर आवळून ठेवा. दांड्यावर आडवी किंवा तिरकी चीर असेल तर मात्र हळहळू नका आणि डागडुजीही करू नका. ते वल्हं दिवाणखान्याच्या भिंतीवर लावा. तळ्याच्या मधोमध वारा सुटलेला असताना ते मोडलं तर अंगातलं लाइफ जॅकेट आणि होडीतलं दुसरं वल्हं एवढाच आधार उरतो.

हंगाम संपला की वल्हं कोपऱ्यात तिरकं टेकवून ठेवायची पद्धत सर्रास आहे, आणि त्यानेच पुष्कळ सरळ वल्ही वाकतात. मुठीखाली दोन खुंट्या लावून सरळ उभं लटकवा. तळघरातल्या ओलसर सिमेंटवर टोक टेकलेलं नको. फर्नेसच्या शेजारी तर मुळीच नको: हिवाळ्यात तापवलेल्या घरातली हवा इतकी कोरडी होते की पट्ट्यांचे जोड उकलतात आणि पात्याला चिरा जातात. न तापवलेलं गॅरेज किंवा शेड लाकडाला जास्त मानवतं. जुलैत बंद गाडीच्या काचेखाली दिवसभर ठेवणंही तितकंच वाईट.

व्हार्निशचं काम मात्र वसंतावर ढकलू नका. डब्यावर बघाल तर तापमान निदान 10 अंशांच्या वर हवं असं लिहिलेलं असतं. ऑन्टॅरिओत एप्रिलमधलं गॅरेज रात्री तेवढं तापत नाही, आणि मग व्हार्निश मे महिन्यातल्या पहिल्या फेरीपर्यंत चिकटच राहतं. सप्टेंबरच्या शेवटी एखादा कोरडा शनिवार बघा आणि तेव्हाच हात देऊन टाका.